पान उलटल्यावर : चित्रपुस्तकं आणि मुलांचं लिहिणं

‘चित्र पाहा आणि पाच वाक्ये लिहा.’ मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला आहे. चित्र बहुधा बाजाराचं, जत्रेचं नाहीतर बसस्थानकाचं असतं, आणि उत्तरही ठरलेलं असतं. हे चित्र बाजाराचे आहे. चित्रात एक मोठे झाड आहे. झाडाखाली एक बाई बसली आहे. तिच्यासमोर भाज्या आहेत. मला हे चित्र खूप आवडते. पाच वाक्यं, पाच पूर्णविराम, वळणदार अक्षर, पाचपैकी पाच गुण. पण या पाच वाक्यांत ते मूल शोधूनही सापडत नाही. कोकणातल्या दाभोळच्या मुलीने लिहिलं काय किंवा धुळ्याच्या मुलाने लिहिलं काय, मजकूर तोच. हीच दाभोळची मुलगी संध्याकाळी जेटीवरून घरी आल्यावर आईला काय सांगते ते ऐकावं. कुणाच्या बोटीला किती म्हावरं लागलं, बर्फाची गाडी उशिरा आली तेव्हा कोण कोणावर ओरडलं, मांजराने टोपलीतून काय पळवलं आणि मग त्याच्यामागे कोण धावलं. तिच्या बोलण्यात माणसं असतात, भांडण असतं, पुढे काय झालं याची ओढ असते. वहीत यातलं काहीच उतरत नाही.

एकाच मुलीच्या या दोन रूपांमधलं अंतर कसं मिटवायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी हाती घेतलेलं साधन आहे चित्रपुस्तक. चित्रपुस्तकांमुळे मुलं वाचायला लागतात हे आता बहुतेक शिक्षक मानतात. शाळेच्या पेटीतली अशी पुस्तकं वाचनाच्या तासाला बाहेर निघतात. लेखनाच्या तासाला मात्र पेटी बंद असते आणि फळ्यावरचा उतारा वहीत उतरवून घेतला जातो. लहान मुलांना लिहायला शिकवण्यासाठी चित्रपुस्तकाइतकं चांगलं साधन आपल्यापाशी दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. पण त्यातलं एकेक चित्र समोर धरून मुलांकडून वर्णन करवून घेतलं, तर त्या साधनाची सगळी ताकद निघून जाते. हे का होतं, ते आधी नीट समजून घ्यायला हवं.

सुट्या चित्रात वेळ थांबलेली असते. बाजार भरलेला आहे, बाई बसलेली आहे, झाड उभं आहे. अशा चित्रासमोर बसवलेलं मूल वस्तू मोजू लागतं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आहे’ येतं. चित्रपुस्तकात पान उलटतं. आधीच्या पानावर झाडाखाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी होती आणि फांदीवर माकड होतं. पुढच्या पानावर टोपी फांदीवर आहे. मधे जे घडलं ते कोणत्याच पानावर काढलेलं नाही. ते मुलाला स्वतःच भरावं लागतं, आणि ते भरताना ‘आहे’ पुरत नाही. माकड उतरलं, दबकत आलं, टोपी उचलली, सटकलं. पाठोपाठ ‘तेवढ्यात’ येतं, ‘पण’ येतं, ‘म्हणून’ येतं. व्याकरणाच्या तासाला अव्ययांच्या यादीत पाठ केलेले हे शब्द मुलाला इथे प्रथमच खरोखर लागतात. त्यांच्यावाचून गोष्ट पुढे जात नाही, एवढं साधं कारण आहे.

हा केवळ शिक्षकी अनुभवाचा दाखला नाही. अमेरिकन चित्रकार मर्सर मेयर यांचं ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ हे पुस्तक १९६९ साली निघालं. त्यात गोष्ट सांगणारं एकही वाक्य नाही, सगळी गोष्ट चित्रांतच आहे. एका मुलाने बरणीत ठेवलेला बेडूक रात्री निसटतो, सकाळी मुलगा आणि त्याचा कुत्रा त्याला शोधायला निघतात, आणि त्या शोधात मधमाश्या, घुबड, हरीण अशी संकटं येत जातात. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन या भाषाभ्यासकांनी सहकाऱ्यांसह हेच पुस्तक इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवलं आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी नोंदवल्या. त्यांचा ग्रंथ १९९४ साली आला. भाषा कोणतीही असो, वाढीचा एक क्रम त्यात दिसतो. तीनेक वर्षांची मुलं बहुधा प्रत्येक पान सुटं पाहतात: हा मुलगा, हा कुत्रा, हे झाड. पाचव्या वर्षाच्या आसपास ती एका पानाला दुसरं पान जोडू लागतात. नऊ वर्षांची मुलं बेडकाचा शोध हे सूत्र धरून सबंध गोष्ट सांगतात. आता आपला तिसरीतला ‘चित्र पाहा आणि पाच वाक्ये लिहा’ हा प्रश्न पुन्हा वाचून पाहावा. आठ वर्षांच्या, गोष्ट रचू शकणाऱ्या मुलीला आपण सुटं चित्र देतो आणि तिच्याकडून तीन वर्षांच्या मुलाचं काम करून घेतो. ती ते चोख करते. तिला येतं त्यापेक्षा कितीतरी कमी आपण मागितलेलं असतं.

सुटं चित्र नेहमीच निरुपयोगी असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांनी १९८४ साली ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’ नावाने चौदा चित्रं प्रसिद्ध केली. प्रत्येक चित्राला एक शीर्षक आणि एक ओळ, बाकी गोष्ट गायब. जगभरच्या शिक्षकांनी ती चित्रं लेखनासाठी वापरली आणि मुलांनी त्यांवर असंख्य गोष्टी लिहिल्या. त्या चित्रांत काहीतरी नुकतंच घडून गेलेलं आहे किंवा पुढच्या क्षणी घडणार आहे. आपल्या चित्रवर्णनातल्या बाजारात काहीच घडणार नसतं. चित्र निवडताना एवढी एक कसोटी लावली तरी पुष्कळ फरक पडेल.

चित्रपुस्तकाकडून लेखनासाठी घेण्यासारखी दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगत नाहीत. पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ (१९६८) हे याचं सगळ्यात निर्मळ उदाहरण. एक कोंबडी अंगणात फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढंच मजकूर सांगतो. सबंध पुस्तकात बत्तीस शब्द आहेत आणि मिळून एकच वाक्य आहे. चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर असतो आणि दर खेपेला फजीत होतो. त्या बत्तीस शब्दांत कोल्ह्याचं नावही येत नाही. शिक्षक मजकूर वाचत असतात तेव्हा मुलं ओरडत असतात, ‘मागे बघ, मागे बघ!’ लेखिकेने मुद्दाम लपवलेलं आपल्याला दिसलं, याचा तो आनंद असतो. ‘लिहिणारीने कोल्हा का सांगितला नाही?’ हा प्रश्न अशा वेळी दुसरीच्या वर्गालाही विचारता येतो, आणि मुलं त्याची उत्तरं देतात. सगळं सांगितलं तर मजा जाते, हे त्यांना कळतं. काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं, हा लेखकाचा पहिला निर्णय असतो. निबंधाच्या मुद्देसूद चौकटीत तो निर्णय मुलाकडे कधी येतच नाही, कारण सगळे मुद्दे आधीच फळ्यावर लिहिलेले असतात. आता तीच गोष्ट कोल्ह्याच्या बाजूने लिहायला सांगावी. कोंबडीचा फेरफटका कोल्ह्याच्या वहीत उपाशी दिवसाची हकीकत होतो.

मग शाळा लेखन इतकं उशिरा आणि इतकं कोरडं का देते? मला वाटतं, याच्या मुळाशी एक समजूत आहे. आधी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, आणि हे सगळं पक्कं झालं की मग स्वतःचं काही. तोवर अनुलेखन आणि श्रुतलेखन. ही समजूत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच हलवली गेली होती. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, आणि चार-पाच वर्षांची मुलं वाचायच्या आधी लिहू लागतात हे तिथे पाहिलं. तो विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला रुजवला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो मराठीत आणला, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ पासून बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी गवत, बिया, शिंपले, माती हे शिक्षणाचं साहित्य मानलं. संघ उभा राहिला त्याच सुमारास सोव्हिएत रशियात लेव्ह व्हिगोत्स्की मांडत होते की मुलाच्या लिखित भाषेचा इतिहास अक्षरांच्या कितीतरी आधी, हातवाऱ्यांतून, खेळातून आणि चित्रं काढण्यातून सुरू होतो. शाळा अक्षर गिरवायला शिकवतात आणि लिखित भाषा शिकवायची राहून जाते, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार आपल्या वर्गांना आजही लागू आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी आणि कन्नड मुलांच्या सुरुवातीच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षं पाठपुरावा करून अभ्यास केला. मराठीसाठी क्षेत्र होतं पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका, कन्नडसाठी यादगीर. त्यात दिसलेलं चित्र ओळखीचंच आहे: वर्गाचा बहुतेक वेळ लिपी शिकवण्यात आणि नकलून घेण्यात जातो, आणि मुलांनी स्वतःच्या मनातलं लिहिण्याला फार थोडी जागा उरते. दुसरीकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने १९८४ पासून, कोल्हापूरला लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयाने १९८५ पासून आणि वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने याच शतकात, मराठी मुलांबरोबर वेगळी वाट चालून दाखवली आहे. मूल पाच-सहा अक्षरं शिकलं की त्या अक्षरांतूनच अर्थ असलेलं काहीतरी वाचू आणि लिहू शकतं. पाटी भरेपर्यंत ‘क’ गिरवत बसण्याची त्याला गरज नसते. इतकी वर्षं टिकलेलं हे काम आपल्याच भाषेत उपलब्ध असताना कोकणातल्या शाळांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्याचं कारण नाही.

आता मराठी चित्रपुस्तकांविषयी. इथे माधुरी पुरंदरे यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं. त्या चित्रकार आहेत, लेखिका आहेत, आणि दोन्ही कामं एकाच हातून झाल्यामुळे त्यांच्या पुस्तकांत शब्दांनी कुठे थांबायचं आणि चित्राने कुठे बोलायचं हे फार नेमकं ठरलेलं असतं. ‘राधाचं घर’ मालेतली घरातल्या माणसांवरची छोटी पुस्तकं पहिली-दुसरीच्या वर्गात लेखनाचा नमुना म्हणून सरळ वापरता येतात. एक माणूस, त्याच्या चार सवयी, त्याचं एखादं वेड, आणि पुस्तक संपतं. हे वाचून झाल्यावर ‘माझी आई’ या विषयावर मुलं जे लिहितात त्यात ‘माझी आई खूप प्रेमळ आहे’ हे वाक्य आपोआप मागे पडतं. आई पाग विणताना कोणतं गाणं गुणगुणते ते पुढे येतं. ‘बाबांच्या मिश्या’, ‘कंटाळा’, ‘हात मोडला’ या पुस्तकांत घडणाऱ्या गोष्टी इतक्या रोजच्या आहेत की असं तर माझ्याकडेही आहे, असं प्रत्येक मुलाला वाटतं. ‘चित्रवाचन’ हे तर बोलतं करण्यासाठीच केलेलं पुस्तक आहे, आणि त्यातल्या चित्रांत ठिकठिकाणी काही ना काही घडत असतं. मोठ्या मुलांसाठी त्यांचं ‘लिहावे नेटके’ आहे. त्यात व्याकरण आणि लेखन खेळत शिकता येतं. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ साली पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कारांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांच्या पुस्तकांतली मराठी मुलांच्या तोंडची आहे.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. मराठी चित्रपुस्तकांत घर बहुधा पुण्या-मुंबईकडचं, फ्लॅटचं किंवा वाड्याचं असतं. गाव असलंच तर शेतीचं असतं. खाडी, जेटी, जाळी, बर्फाचा कारखाना, सुकट वाळत घातलेलं अंगण यांना त्यात फारशी जागा नाही. समुद्र येतो तो सहलीला गेलेल्या मुलांच्या डोळ्यांतून, वाळूचा किल्ला करण्यापुरता. दाभोळच्या मुलांना त्यांचा समुद्र पुस्तकात भेटत नाही, आणि याच कारणामुळे त्यांनी तो लिहिण्याची निकड इथे जास्त आहे.

दाभोळविषयी लिहिलं गेलेलं नाही असं मुळीच नाही. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात दख्खन फिरून याच बंदरातून परतीच्या प्रवासाला निघाला आणि त्याने आपल्या प्रवासाची टिपणं लिहून ठेवली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा याने इथला व्यापार नोंदवला. १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या आरमाराने दाभोळ जाळलं, आणि ती हकीकतही प्रामुख्याने जाळणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेली आपण वाचतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात दाभोळचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं ते वीज प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प तर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरकडे. पाचशे वर्षं या गावाबद्दल बाहेरच्यांनी लिहिलं. गावातल्या आठ वर्षांच्या मुलीला खाडीवरून रोज काय दिसतं, हे मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. ते तिच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणारही नाही.

म्हणून या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग मुलांनी स्वतःची चित्रपुस्तकं करण्याविषयी आहे. साहित्य लागतं एक ए-फोर कागद. त्याच्या घड्या घालून आठ समान चौकोन करायचे, मधल्या घडीवर दोन चौकोनांच्या लांबीची चीर द्यायची, आणि कागद पुन्हा दुमडला की मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं असलेली पुस्तिका तयार होते. शिवण लागत नाही, गोंद लागत नाही. या सहा पानांची मर्यादा फार कामाची आहे. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट घ्या. २००३ साली ती सुरू झाल्यापासून इथल्या मुलांचा पलीकडचा मामा, आत्या, लग्नं, जत्रा सगळं तिच्यावरून चालतं. गाड्यांची रांग, तिकीट, फळी खाली येताना होणारा आवाज, बोटीवर उलटं चढणारं वाहन, कठड्याशी उभी राहिलेली माणसं, पाण्यावरचे पक्षी, पलीकडचा किनारा जवळ येणं, फळी पुन्हा खाली पडणं. सहा पानांत हे सगळं मावत नाही. कोणते सहा क्षण ठेवायचे? फळीचा आवाज शब्दांत लिहायचा की चित्रात दाखवायचा? गाडी अडकली ते चौथ्या पानावर सांगायचं की तिसऱ्या पानावर नुसतं ड्रायव्हरचं तोंड दाखवून पान उलटायला लावायचं? हे प्रश्न मुलं एकमेकांशी वाद घालत सोडवतात, आणि ते करताना निवड, क्रम, विस्तार, शेवट या लेखनाच्या सगळ्या कौशल्यांमधून जातात. त्या कौशल्यांची नावं त्यांना सांगण्याची गरज पडत नाही.

ऋतूंनी बांधलेले विषय इथे भरपूर आहेत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या ओढून वर घेतल्या जातात, शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, आणि बाप एरवी जेवढा घरी दिसत नाही तेवढा दिसतो. बंदीचा हा काळ नेमका शाळा सुरू होण्याच्या दिवसांत येतो. ‘पाऊस’ या विषयावर ढग, मोर आणि इंद्रधनुष्य लिहायला लावण्यापेक्षा ‘बंदीत आमचं घर’ असं सहा पानी पुस्तक करून घ्यावं. ओहोटीला खाडीत मुळे, कालवं काढायला जाणाऱ्या आजीबरोबर नातवंडं जातात. पाय कसा टाकायचा, कोयतीने कालव कसं फोडायचं, भरती कधी फिरते हे त्यांना ठाऊक असतं. कृतीची पायरी पायरीने मांडणी करणं हा लेखनाचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. त्यासाठी आपण पाठ्यपुस्तकात लिंबाच्या सरबताची कृती देतो, आणि कालवं काढण्याची कृती येणाऱ्या मुलाला ती कधी विचारत नाही.

इथे बोलीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. दाभोळ परिसरात एका वर्गात भोई, खारवी, कुणबी, मुसलमान अशा घरांतली मुलं शेजारी बसतात, आणि घरचं बोलणं पुस्तकी मराठीपासून कमी-जास्त दूर असतं. मुलगा ‘माझा बापूस’ असं लिहितो. त्यावर लाल शाईने ‘वडील’ लिहिलं की वाक्य शुद्ध होतं आणि माणूस नाहीसा होतो. माझा आग्रह असा की पहिल्या खर्ड्यात बोली जशीच्या तशी राहू द्यावी. मूल सांगतं आणि शिक्षक फळ्यावर उतरवून घेतात तेव्हाही शिक्षकांनी मुलाचा शब्द बदलू नये. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी हेच केलं. प्रत्येक मुलाला त्याच्या मनात खोलवर रुतलेले शब्द आधी लिहून दिले, आणि १९६३ साली ‘टीचर’ या पुस्तकात तो अनुभव मांडला. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी. परीक्षा, अर्ज, पुढचं शिक्षण तिच्यातच आहे. तिला चित्रपुस्तकातच एक सोपी वाट मिळते. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत बोली आणि खालच्या ओळीत प्रमाण भाषा, असं मुलांना सुचवावं. दोन भाषांच्या दोन जागा आहेत हे त्यांना वादाविना उमगतं, आणि कोणतीही एक दुसरीपेक्षा हलकी ठरत नाही.

शिक्षकांच्या मनात दुसरी मोठी भीती असते ती शुद्धलेखनाची. चुका तशाच राहू दिल्या तर त्या पक्क्या होतील, असं मनापासून वाटणारे चांगले शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की मुलाचा मजकूर आधी वाचक म्हणून वाचा. हसू आलं तर हसा, पुढे काय झालं ते विचारा, एखादं वाक्य कळलं नाही तर ‘हे मला कळलं नाही’ असं सांगा. ऱ्हस्व-दीर्घाला पुस्तिका पक्की करण्याच्या आदल्या दिवशी जागा आहे. दुसऱ्या कुणीतरी वाचायचं पुस्तक आपण करतो आहोत हे कळलं की मुलं स्वतःहून येऊन विचारतात, ‘खाडीतली डी दीर्घ ना?’ त्या वेळी दिलेलं उत्तर लक्षात राहतं.

कोकणातल्या अनेक जिल्हा परिषद शाळा द्विशिक्षकी आहेत, पट कमी आहे, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. अडचण म्हणून पाहिलं जाणारं हे वास्तव चित्रपुस्तकाच्या कामी येतं. एकच पुस्तक सगळ्यांपुढे वाचलं जातं. पहिलीतली मुलं चित्र काढून खाली नाव लिहितात, दुसरीतली फुगे भरतात, चौथीतली तीच गोष्ट दुसऱ्या पात्राच्या बाजूने लिहितात, आणि लहानांना मजकूर सुचेना तर मोठे त्यांचे लेखनिक होतात. किनाऱ्यावर उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. शब्द नसलेलं पुस्तक दोन्ही शाळांत सारखंच चालतं, आणि एकाच खाडीवर दोन लिप्यांत झालेली पुस्तकं मुलांनी एकमेकांना वाचून दाखवावीत, असा उपक्रम पुढे दिला आहे.

पुस्तकं आणायची कुठून, हा व्यवहाराचा प्रश्न. रंगीत छपाईमुळे चित्रपुस्तक महाग वाटतं, पण नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालेतली आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं परवडणारी आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं शाळेच्या अनुदानातून दरवर्षी थोडी थोडी घेता येतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी मोफत आहेत, त्या छापायची आणि बदलायची परवानगी आहे, आणि तिथल्या चित्रांवर मुलांना स्वतःचा मजकूर रचता येतो. अरविंद गुप्ता यांनीही आपल्या संकेतस्थळावर मराठी बालपुस्तकांचा मोठा साठा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. प्रोजेक्टर नसेल तर चार मुलांत एक छापील प्रत पुरते. एका पुस्तकावर आठवडाभर काम करावं. आठवड्यात पाच पुस्तकं उरकल्याने मुलांच्या लिहिण्यात फरक पडत नाही.

राहता राहिली झालेल्या पुस्तकांची व्यवस्था. मुलांचं हस्तलिखित भिंतीवर आठवडाभर लावायचं आणि मग कपाटात टाकायचं, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही. दाभोळच्याच दापोली तालुक्यातल्या पालगडला १८९९ साली जन्मलेले साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक रोज काढत, आणि १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. हाताने लिहिलेल्या मजकुराला रोज वाचक मिळवून देण्याचं मोल त्यांना ठाऊक होतं. तेव्हा मुलांनी केलेल्या प्रत्येक पुस्तिकेला जाड पुठ्ठ्याचं आवरण घालावं, त्यावर लेखक आणि चित्रकार म्हणून मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि वर्ष लिहावं, आणि ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत इतर पुस्तकांप्रमाणेच तिला क्रमांक द्यावा. ती घरी न्यायला मिळावी, परत करताना कुणी नेली होती याची नोंद व्हावी, आणि पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांच्या वाचनाच्या तासाला पेटीतून तीही बाहेर निघावी. त्यासाठी लागणाऱ्या नोंदीचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे.